पीजचा प्रक्षेपक : एका जिल्ह्याच्या दूरचित्रवाणीची कहाणी

गुजरातमधील खेडा जिल्ह्यात, नडियादनजीक पीज हे गाव आहे. तंबाखूची शेती आणि दुधाचा धंदा ही या परिसराची जुनी ओळख. १९७५ साली येथे एक किलोवॅट क्षमतेचा दूरचित्रवाणी प्रक्षेपक सुरू झाला आणि पुढील दहा वर्षे त्यावरून दररोज संध्याकाळी खास या जिल्ह्यातील गावांसाठी तयार केलेले कार्यक्रम दाखविले गेले. कार्यक्रमांची भाषा चरोतरी वळणाची गुजराती होती, विषय गावातले होते आणि अनेकदा पडद्यावर दिसणारी माणसेही गावातलीच असत. ग्रामीण संज्ञापनातील या कामगिरीबद्दल १९८४ साली युनेस्कोच्या पुरस्काराने या प्रयोगाचा गौरव करण्यात आला. त्याच्या पुढच्याच वर्षी पीजचा प्रक्षेपक तेथून हलवून मद्रासला नेण्याचा निर्णय झाला.

सार्वजनिक पैशावर चालणारी स्थानिक दूरचित्रवाणी एखाद्या समाजाला एकत्र आणू शकते का, आणला तर तो कसा, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा परदेशी उदाहरणांच्या आधारे केली जाते. खेडा जिल्ह्याचा अनुभव त्या मानाने घरचा आहे, आणि त्यात यश व अपयश दोन्ही ठळकपणे पाहावयास मिळतात.

उपग्रहाच्या सावलीत

या प्रयोगाची मुळे भारताच्या अवकाश कार्यक्रमात आहेत. उपग्रहाचा उपयोग प्रथम दुर्गम खेड्यांतील शिक्षणासाठी आणि शेतीसाठी व्हावा, अशी डॉ. विक्रम साराभाई यांची धारणा होती. १९७१ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा प्रयोग पार पडला. अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान ही ती सहा राज्ये. महाराष्ट्र त्यात नव्हता. मात्र या प्रयोगाची धुरा अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात ज्यांनी वाहिली, त्यांत एक मराठी नाव अग्रभागी होते. कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस हे ‘साइट’चे कार्यक्रम व्यवस्थापक होते. पुढे १९८१ ते १९८५ या काळात त्यांनी या केंद्राचे संचालकपदही भूषविले. शंभरी गाठल्यानंतर २०२५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

‘साइट’ची व्याप्ती प्रचंड होती, पण तिची एक मर्यादा योजनाकर्त्यांना ठाऊक होती. आकाशातून येणारा एकच कार्यक्रम शेकडो मैलांच्या प्रदेशात एकाच वेळी दिसतो. ओरिसातील भातशेतकरी आणि राजस्थानातील बाजरी पिकविणारा, दोघांच्याही गरजा त्यातून नेमक्या भागणे अवघड होते. पीज हा या मर्यादेवरचा उतारा होता. येथील प्रक्षेपकाचा पल्ला जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरचा. एरवी जो दोष मानला गेला असता, तोच येथे गुण ठरला. पल्ला लहान म्हणून प्रेक्षक ओळखीचा, आणि प्रेक्षक ओळखीचा म्हणून त्याच्याशी नेमके बोलता येणे शक्य होते.

दूध घालायचे, बातम्या पाहायच्या

केंद्राचे कामकाज अवकाश उपयोजन केंद्र व दूरदर्शन यांच्या सहकार्याने चाले. रोजच्या प्रसारणाचा काही भाग दिल्लीहून येई, तर उरलेला भाग खेडा जिल्ह्यासाठी बनविलेला असे. जिल्ह्यातील चारशेच्या आसपास गावांत मिळून सहाशेहून अधिक सार्वजनिक संच बसविण्यात आले होते. घरोघरी दूरचित्रवाणी असण्याचे ते दिवस नव्हते. संच गावाचा, आणि पाहणेही गावाचे.

हा संच ठेवायचा कोठे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो, पण प्रयोगाचे बरेचसे भवितव्य त्यावर अवलंबून होते. एखाद्या सधन शेतकऱ्याच्या ओसरीवर संच ठेवला असता, तर त्या ओसरीवर ज्यांना जाण्याची मुभा तेवढेच प्रेक्षक लाभले असते. खेडा जिल्ह्यात यावर तयार उपाय होता. १९४६ साली स्थापन झालेल्या खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचे, म्हणजेच ‘अमूल’चे जाळे गावोगाव पसरलेले होते. गावातील दूध सोसायटीच्या आवारात सकाळ-संध्याकाळ सर्व जातींची माणसे हातात चरवी घेऊन एकाच रांगेत उभी राहत. दूध मोजण्याच्या या जागेला जातीची ओसरी नव्हती. अनेक गावांत संच याच आवारात किंवा त्यालगत बसविला गेला. दूध घालून झाले की माणसे तेथेच थांबत.

दूरचित्रवाणीने तेथे समाज शून्यातून उभा केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सहकारी चळवळीने तो अंशतः आधीच उभा केला होता आणि दूरचित्रवाणी त्याच्या खांद्यावर बसली. पण सोसायटीत जमणारी माणसे पूर्वी दुधाच्या फॅटवर आणि भावावर बोलत, ती आता किमान वेतनावर, हुंड्यावर आणि तलाठ्याच्या वागणुकीवरही बोलू लागली. विषय पडद्याने पुरविला होता. वाद गावाचा होता.

पडद्यावर आपलीच माणसे

पीजच्या कार्यक्रमांत कृषिसल्ला होताच. तसा तो दिल्ली केंद्राच्या ‘कृषिदर्शन’मध्ये २६ जानेवारी १९६७ पासून दिला जात होता. खेडा प्रकल्पाचे वेगळेपण त्याच्या मालिकांत होते. ‘चतुर मोटा’ या मालिकेतून गावातील रूढी आणि लबाड्या गमतीच्या अंगाने उलगडल्या जात. ‘हुं ने मारा ए’ ही मालिका एका जोडप्याच्या संसाराभोवती फिरे. ‘मी आणि आमचे हे’ असा तिच्या नावाचा मराठी अर्थ होईल. घरखर्च, कुटुंबनियोजन, सासू-सून, मुलीचे शिक्षण असे नाजूक विषय थट्टामस्करीच्या ओघात येत असल्याने उपदेशाचा वास त्यांना येत नसे.

सर्वांत धाडसी म्हणता येईल असा कार्यक्रम ‘दाद-फरियाद’ हा होता. त्याची रीत सरळ होती. गावकऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर आपले गाऱ्हाणे मांडायचे आणि संबंधित सरकारी खात्याने त्याला उत्तर द्यायचे. गावातील बंद पडलेला पंप, न झालेला रस्ता, अडकलेले कर्ज अशा तक्रारी कचेरीतील फायलीत पडून राहण्यापेक्षा शेकडो गावांच्या डोळ्यांदेखत मांडल्या जाऊ लागल्या. अधिकाऱ्याला उत्तर देणे भाग पडे. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, आपली अडचण ही आपल्या एकट्याची नाही, शेजारच्या दहा गावांतही तेच घडते आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येई.

असे कार्यक्रम बनविण्याची पद्धतही नेहमीची नव्हती. स्टुडिओत बसून संहिता लिहिण्यापूर्वी संशोधकांचे गट गावांत जाऊन लोकांच्या समजुती, बोलण्याची धाटणी आणि अडचणी टिपून आणत. कार्यक्रम दाखविल्यावर लोकांना काय कळले, काय खटकले याची विचारणा होई आणि पुढचे भाग त्यानुसार बदलत. जड सामग्रीऐवजी हलके, खांद्यावर वाहून नेता येणारे चित्रीकरण यंत्र वापरले जाई. तांत्रिक सफाईच्या दृष्टीने ही चित्रे दिल्लीच्या तोडीची नव्हती, आणि दूरदर्शनच्या अभियंत्यांच्या कपाळाला त्यामुळे आठ्या पडत असतील तर नवल नाही. पण त्या यंत्रामुळेच शेतमजुराच्या झोपडीत जाऊन त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत टिपणे शक्य झाले. गावकऱ्यांनी स्वतः भूमिका केल्या, आणि काही कार्यक्रमांची कथानकेही त्यांच्याच बोलण्यातून आकाराला आली.

याची दुसरी बाजू नोंदविणे आवश्यक आहे. खेडा जिल्हा वरकरणी सधन असला, तरी जमीन मुख्यतः पाटीदारांच्या हाती आणि मजुरी मागासलेल्या व दलित समाजांच्या वाट्याला, अशी तेथील रचना होती. मजुरी, अस्पृश्यता, सावकारी यांवरील कार्यक्रम ज्यांना झोंबत, ती मंडळी गावातील वजनदार असत. सार्वजनिक संचाची चावीही अनेकदा त्यांच्याच वर्तुळातील कोणाकडे असे. संच बिघडला तर तो दुरुस्त होण्यास लागणारा वेळ केवळ तांत्रिक कारणांवर अवलंबून नव्हता, असे मानण्यास जागा आहे. स्त्रियांची अडचण वेगळी होती. प्रसारणाची वेळ आणि चुलीची वेळ एकच. ज्या स्त्रियांसाठी कार्यक्रम बनविले जात, त्यांतील अनेकींना ते पाहण्यासाठी भाकरी लवकर उरकावी लागे किंवा कार्यक्रम सोडावा लागे.

मनोरा जातो

१९८४ हे वर्ष भारतीय दूरचित्रवाणीच्या विस्ताराचे वर्ष होते. ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह कार्यरत झाला होता, ‘हम लोग’ ही मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली होती, आणि देशभर जवळपास रोज एक या वेगाने कमी शक्तीचे प्रक्षेपक उभारले जात होते. विस्ताराचा हा वेग थक्क करणारा असला, तरी त्यातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. यांतील बहुतेक केंद्रांना स्टुडिओ नव्हता. दिल्लीहून आलेले चित्र पुढे पाठविणे एवढेच त्यांचे काम. गावोगाव मनोरे आले. मात्र गावाचे म्हणणे वर जाईल अशी वाट त्यांच्यात ठेवलेली नव्हती.

महानगरांसाठी दुसरी वाहिनी सुरू करण्याचे धोरण याच सुमारास आले. दिल्ली व मुंबईपाठोपाठ मद्रासचा क्रमांक होता आणि तेथे प्रक्षेपकाची निकड होती. अहमदाबादच्या नव्या, अधिक शक्तीच्या प्रक्षेपकातून खेडा जिल्ह्याला दूरचित्रवाणी दिसतच आहे, तेव्हा पीजचे यंत्र आता अनावश्यक आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. अभियांत्रिकीच्या हिशेबाने तो चुकीचा नव्हता. चित्र दिसते की नाही, एवढाच प्रश्न असता तर वाद उद्भवला नसता.

खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी मात्र विरोध केला. १९१८ चा सारा-सत्याग्रह याच जिल्ह्याने केला होता, तेव्हा निदर्शने ही तेथे नवी बाब नव्हती. पण दूरचित्रवाणीचा प्रक्षेपक आपल्या गावातून हलवू नये म्हणून शेतकऱ्यांनी रस्त्यावर यावे, हे दृश्य देशाला नवे होते. त्या विरोधानंतरही प्रक्षेपक १९८५ साली गेला. प्रकल्पाचे कार्यक्रम अहमदाबाद केंद्रामार्फत काही काळ चालू राहिले. तथापि, एका जिल्ह्यासाठी काढलेला कार्यक्रम अनेक जिल्ह्यांच्या प्रक्षेपणात घुसविला की तो कोणाचाच राहत नाही, हे लवकरच दिसून आले. अमक्या गावाच्या पंपाची तक्रार दीडशे किलोमीटरवरच्या प्रेक्षकाने का ऐकावी?

योगायोग असा की, दूरदर्शनच्या कार्यक्रमांची दिशा ठरविण्यासाठी पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाचा अहवाल १९८५ सालीच प्रसिद्ध झाला. दिल्लीकेंद्री, शहरी वळणाच्या दूरचित्रवाणीवर त्यात कठोर टीका होती आणि विकेंद्रीकरणाचा आग्रह होता. अहवाल छापला जात असताना विकेंद्रीकरणाचा देशातील सर्वांत यशस्वी नमुना मोडीत निघत होता.

मुंबई केंद्राचा वेगळा मार्ग

महाराष्ट्रात पीजसारखा जिल्ह्यापुरता प्रयोग झाला नाही. येथे दूरचित्रवाणी आली ती महानगराची म्हणून. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि १९७३ साली सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसर त्याला जोडला गेला. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषांत चालणाऱ्या या केंद्राला मर्यादित वेळेत सगळ्यांची मने राखायची होती. तरीही ‘कामगार विश्व’, ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांसारख्या कार्यक्रमांनी एक मराठी प्रेक्षकवर्ग घडविला. ‘आमची माती आमची माणसं’ने शेतकऱ्याला पडद्यावर मानाची जागा दिली, आणि राजा मयेकर यांच्यासारख्या लोकनाट्यात मुरलेल्या नटाच्या ‘गप्पागोष्टी’ ऐकताना शेतीविषयक माहिती पोटात गेल्याचे ऐकणाऱ्याला कळतही नसे. तेव्हा चाळीत एखाद्याकडेच संच असे आणि त्या खोलीचे दार संध्याकाळी सर्वांना उघडे ठेवावे लागे. हा शेजारधर्म दूरदर्शनने योजलेला नव्हता, तो टंचाईने घडविला होता. घरोघरी संच आले आणि दारे पुन्हा लागली.

टंचाई संपल्यावरही टिकणारे काही घडविण्याचा प्रयत्न आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ने केला. अनौपचारिक शिक्षणाचा हा कार्यक्रम केवळ पाहून सोडून देऊ नये, तर प्रेक्षकांनी आपल्या वस्तीत, गावात ‘ज्ञानदीप मंडळ’ स्थापन करावे, कार्यक्रमातील विषयावर चर्चा करावी आणि जमेल ते काम हाती घ्यावे, अशी त्यामागची कल्पना होती. मंडळे निघाली, पत्रे येऊ लागली, त्या पत्रांतील कामांची दखल पडद्यावर घेतली जाऊ लागली. आपल्या मंडळाचे नाव दूरदर्शनवर उच्चारले जाणे हे मोठे बक्षीस होते, आणि ते ऐकून शेजारच्या गावात दुसरे मंडळ निघे. पीजमध्ये केंद्र गावाकडे गेले होते. येथे गावाने पोस्टकार्डाच्या साहाय्याने केंद्र गाठले. दोन्हीकडे प्रेक्षकाने उलट बोलण्याची सोय होती.

१५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीचा महत्त्वाचा वेळ प्रादेशिक केंद्रांच्या हातून गेला. मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी १९९४ साली आली आणि २००० साली तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. तोवर खासगी वाहिन्यांशी स्पर्धा सुरू झाली होती. ‘सह्याद्री’ने ‘नवरत्न’ व ‘हिरकणी’ पुरस्कारांचे सोहळे, ‘दम दमा दम’, ‘धिना धिन धा’ यांसारखे कार्यक्रम आणि प्रेक्षकांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारता येतील असे ‘हॅलो सखी’सारखे उपक्रम राबविले. सोहळ्यांची नाट्यगृहे भरत. पण पुरस्कार सोहळ्याला टाळ्या वाजविणारा प्रेक्षक आणि ‘दाद-फरियाद’मध्ये पंपाची तक्रार मांडणारा गावकरी यांच्यातील अंतर फार आहे. पहिल्याला आमंत्रण असते. दुसऱ्याचे तेथे काम असते.

या वाहिनीचे सामर्थ्य अलीकडे एकदा ठळकपणे दिसले. करोनाच्या साथीमुळे शाळा बंद असताना, २० जुलै २०२० पासून ‘सह्याद्री’वर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही दैनंदिन मालिका दाखविण्यात आली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही निर्मिती होती. पाठ्यपुस्तकातील आशय घरातील व परिसरातील वस्तूंच्या आधारे, घरच्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन शिकता यावा, अशी तिची मांडणी होती. स्मार्टफोन नसलेल्या घरांतील मुलांना त्या दिवसांत सार्वजनिक वाहिनीखेरीज दुसरा आधार फारसा नव्हता.

झाबुआ आणि नंतर

पीजचा धागा अवकाश विभागाने पूर्णपणे सोडला नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये मध्य प्रदेशातील झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात विकास संज्ञापन प्रकल्प सुरू झाला. १५० गावांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम पाहण्याची व्यवस्था करण्यात आली आणि विकास गटांच्या मुख्यालयी अशी १२ केंद्रे उभारण्यात आली, जेथून अहमदाबादच्या स्टुडिओत बसलेल्या तज्ज्ञांना प्रश्न विचारता येत. तंत्र बदलले होते, पण प्रश्न विचारणारा माणूस हाच केंद्रबिंदू राहिला. आता स्थानिक प्रसारणासाठी गावात मनोरा असण्याची गरज उरली नव्हती.

मनोऱ्यांचा काळ यथावकाश सरलाच. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची विनामूल्य उपग्रह सेवा आज ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाते. ती पसरत गेल्यावर जमिनीवरील ॲनालॉग प्रक्षेपक कालबाह्य ठरले आणि २०२२ पर्यंत त्यांतील बहुतेक बंद करण्यात आले. छतावरच्या तबकडीतून चित्र स्वच्छ दिसते. मात्र त्या तबकडीतून एका जिल्ह्यापुरते काही दाखविण्याची व्यवस्था नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर विसंगती अधिकच जाणवते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. १९९७ साली प्रसार भारती अस्तित्वात आली. सामुदायिक नभोवाणीचे दार २००२ साली शैक्षणिक संस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना उघडण्यात आले, आणि त्यातून महाराष्ट्रातही अनेक छोटी केंद्रे उभी राहिली. दूरचित्रवाणीसाठी मात्र असे दार उघडले गेले नाही. पल्ल्याने लहान, मालकीने सार्वजनिक आणि आशयाने गावाचे असे दूरचित्रवाणी केंद्र चालवू इच्छिणाऱ्या एखाद्या दूध संघाला, ग्रामपंचायतीला किंवा महाविद्यालयाला नभोवाणीप्रमाणे अर्ज करता येईल, अशी स्वतंत्र परवाना पद्धत देशात नाही. १९८५ साली पीजच्या शेतकऱ्यांनाही नेमकी हीच उणीव भोवली होती. कार्यक्रम त्यांचे होते, संच त्यांच्या सोसायटीत होते, पण प्रक्षेपकावर त्यांचा कोणताही हक्क कागदावर नोंदलेला नव्हता.